या वर्षी डोंगरात

नेदोच्या बारमधली वीज गेली, तेव्हा लोरियानो कॉफीचा शेवटचा घोट घेत होता. झालं एवढंच, की कॉफीचं यंत्र फुसफुसायचं थांबलं, फ्रीजची घरघर बसली, टीव्हीवर सायकलींच्या शर्यतीचं तावातावाने वर्णन करणारा माणूस वाक्य अर्धवट टाकून गडप झाला आणि छताचा पंखा दोनचार आळशी फेऱ्या मारून थबकला. "गेली!" म्हणून सगळ्यांनी वर पाहिलं आणि मग, का कोण जाणे, सगळेच क्षणभर गप्प झाले. तेवढा क्षण तिला पुरला. ती आली. खरं तर आली म्हणण्यात अर्थ नव्हता, कारण ती कधी गेलेलीच नसे. उजव्या कानाच्या आत, कवटीला लागून, बारीक, सरळ, न दमणारी शीळ. एका हाताने लोरियानोने काउंटर घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने तो कपावर चमचा आपटू लागला. टिंग टिंग टिंग टिंग.

"काय रे, वीजवाल्यांना तार करतोयस का?" नेदोने विचारलं. नेदो त्याचा शाळेपासूनचा दोस्त, आणि शाळेपासूनच आगाऊ.

"तुझी कॉफी कशी झालीय ते कळवतोय."

हशा पिकला. हशात शीळ बुडाली. लोरियानोने चमचा खाली ठेवला. तळवा घामाने ओला झाला होता. तो त्याने पँटला पुसला, तेव्हा खिडकीजवळच्या टेबलाशी बसलेली इम्मा, त्याची बायको, आपल्याकडेच बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. मधल्या माणसांच्या डोक्यांवरून, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी ती म्हणाली, "या वर्षी डोंगरात."

इटलीतल्या प्रातो या कापडगिरण्यांच्या शहरातल्या जुन्या विणकरांची ही खोड आहे. मागांच्या खडखडाटात ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांना बोलायला आवाज लागत नाही. तोंड नीट उघडायचं, ओठ नि जीभ मन लावून फिरवायची, एकेक शब्द चावून समोर ठेवायचा, आणि खात्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस तो बिनचूक उचलतो. लोरियानोने इम्माला लग्नाचं विचारलं होतं तेही असंच, धोटा इकडून तिकडे धावत असताना, मधल्या सगळ्या मागांवरून. मग्न होऊन विचारताना एक गोष्ट तो साफ विसरला होता, की वाटेतल्या साऱ्या बायकाही वाचतात. इम्माने हो म्हणायच्या आत रांगेतल्या सगळ्याजणींनी हो म्हणून टाकलं आणि पुढचे कित्येक दिवस गिरणीत त्याला तोंड दाखवायची सोय उरली नाही. पुढे मोरेना झाली, तेव्हा पाळी नसलेल्या रात्री, बारीक रेडिओ लावून, पोरीला झोपवून दोघं पाळण्याच्या दोन बाजूंना बसून तासन्‌तास असं बोलत. त्यांची गिरणी बंद पडली, दोघं निवृत्त झाली, मोरेना लग्न होऊन तोरिनोला गेली, पण ओठांची भाषा राहिली. आता लोरियानोने न बघितल्यासारखं केलं. विणकरांत हे तोंडावर दार आपटण्यासारखंच. इम्माने काचेवर बोटाने टकटक केली.

"लिबेरामावशीने वरचं घर झाडून ठेवलंय," तिचे ओठ म्हणाले. "महिनाभर राहू. आवडलं तर राहूच तिथे. कायमचे."

त्याच वेळी वीज आली. टीव्हीवरचा माणूस पुन्हा ओरडायला लागला आणि लोरियानोला त्याच्याबद्दल एवढी माया वाटली, की त्याला मिठी मारावीशी वाटली.

दर ऑगस्टात प्रातो ओस पडतं. माग थांबतात, दुकानांच्या फळ्या लागतात, आणि ज्याला त्याला एकच विचारलं जातं, यंदा कुठे? लोरियानोचं उत्तर इतकी वर्षं ठरलेलं असे. जेनोआ. पालेर्मो. कातानिया. एकदा तर बार्सिलोना. जिथे बंदर आहे, बाजार आहे, खिडकीखाली भांडणं आहेत, तिथे. "आमच्या लोरियानोला जत्रेत जन्माला घालायला हवं होतं," नेदो म्हणे, आणि लोरियानो छाती काढून हसे. शौकीन माणूस म्हणून त्याचं गल्लीत नाव झालं होतं. लोक डोंगरातल्या गावांची नावं घेत, तिथली हवा, चीज, घंटा, मावळतीच्या वेळी चौकात बसलेली म्हातारी माणसं यांचं कौतुक सांगत, आणि लोरियानो म्हणे, "मेल्यावर आहेच की शांतता. आत्तापासून सराव कशाला?" इम्मा या विनोदाला हसत नसे. पण ती बॅग भरे. तीस-बत्तीस उन्हाळे तिने बॅग भरली होती, आणि या एप्रिलात तिच्या हृदयाची झडप बदलल्यावर, इस्पितळातल्या खाटेवर, नळ्या निघाल्याबरोबर ती पहिलं वाक्य बोलली होती, "मला एकदा गप्प जागी बसायचंय." लोरियानोने तेव्हा तिचा हात धरला होता आणि "हो, हो, नक्की," असं म्हटलं होतं. माणूस इस्पितळात काय वाटेल ते कबूल करतो.

आणि तिचं तरी काय चुकलं होतं? इम्मा लहानपणी आईबापांबरोबर दक्षिणेतल्या डोंगरातून, पिएत्राफोस्का नावाच्या गावातून, प्रातोला आली. सोळाव्या वर्षी मागावर उभी राहिली. त्या आवाजाने दोघांनाही सारखंच बडवलं होतं, पण दोघांच्या वाट्याला शिल्लक वेगळी आली. इम्माला शांततेची भूक लागली. लोरियानोला शांतता उरलीच नाही. तीच पाळी, तेच खातं, तोच मुकादम, आणि एक बाई आयुष्यभर गप्प जागेची वाट बघते, एक माणूस आयुष्यभर तिच्यापासून पळतो. याला न्याय म्हणायचा का, असं लोरियानो कधीकधी स्वतःला विचारी. मग रेडिओ मोठा करी.

तिला सांगून टाकायचं ना. हा विचार त्याला नवा नव्हता. पहिल्यांदा शीळ ऐकू आली तेव्हा तो घाबरून गुपचूप डॉक्टरकडे गेला होता, आणि कानात मळ झालाय म्हणून इम्माला थाप मारली होती. डॉक्टर म्हणाला, "मागाची देणगी आहे. जाणार नाही. सवय करून घ्या, आणि फार शांत जागी बसू नका." गिरणीत सांगायची सोय नव्हती. ज्याने कानाची तक्रार केली त्याला गोदामात गाठोडी उचलायला पाठवत, आणि विणकराला गोदामात पाठवणं म्हणजे स्वयंपाकिणीला भांडी घासायला बसवणं. म्हणून गिरणीत बोलला नाही. गिरणीतल्या एकीशीच लग्न केलं होतं, म्हणून घरीही बोलला नाही. पुढच्या वर्षी सांगू म्हणाला. मग मोरेना व्हायची होती, बाळंतपण होऊ दे म्हणाला. बाळ घरी आलं तेव्हा घर असं चिडीचूप झालं, की लोरियानोने मुकादमाला सांगून रात्रपाळी मागून घेतली. नव्या बापांनी रात्रपाळी चुकवायची असते, याने मागून घेतली. इम्माने डबा भरून दिला होता. न सांगितलेली गोष्ट काही काळाने शिळी होते, आणि शिळी झाली की ती वाढायची लाज वाटते. एवढी वर्षं का नाही सांगितलंस, हा प्रश्न आता मूळ गोष्टीपेक्षा मोठा झाला होता.

शेवटी त्याने तोड काढली. आधी नेपल्स, मग डोंगर. "नाहीतरी वाट तिथूनच आहे," तो म्हणाला. "वाटेत चार दिवस थांबू. तुझ्या मावशीचा डोंगर काही पळून जात नाही." इम्माने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि ती म्हणाली, "चार म्हणजे चार हं. तुझे चार दिवस रबराचे असतात."

नेपल्समध्ये त्यांना पिन्यासेक्काच्या बाजारावरची खोली मिळाली, आणि खिडकी उघडल्याबरोबर लोरियानोच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. खाली मासळीवाले ओरडत होते, स्कूटर पिशव्या नि पोरं चुकवत गल्लीतून घुसत होत्या, समोरच्या गच्चीवरची बाई खालच्या मजल्यावरच्या बाईशी भांडत होती की गप्पा मारत होती हे कळायला मार्ग नव्हता. हे सगळं एकमेकांत मिसळून खोलीत शिरत होतं आणि त्याच्या उजव्या कानापाशी येऊन, दाराला भक्कम अडसर लागावा तसं, बसत होतं. आत गप्पगार. लोकांना हे कधी कळणार नाही, त्याला वाटलं, की शांतता अशीही असते. लोक डोंगरात जाऊन जी शोधतात ती मला या मासळीवाल्याच्या घशात सापडते. तो रात्री मेल्यासारखा झोपला. सकाळी गरम, पापुद्र्यापापुद्र्यांची गोड स्फोल्यातेल्ला चावत, शर्टावर भुगा सांडत गल्ल्यांतून हिंडला. न्हाव्याकडे गरज नसताना दाढी करून घेतली, केवळ न्हावी बडबड्या होता म्हणून. "साहेब, तुम्ही उत्तरेकडचे वाटत नाही," न्हावी म्हणाला. "उत्तरेकडचे लोक इथे कानात बोळे घालून बसतात." लोरियानो खदाखदा हसला. तरुण झाल्यासारखं वाटत होतं त्याला. आणि नेमकं तेव्हाच, हसता हसता, आरशात त्याला मागच्या खुर्चीवर बसलेली इम्मा दिसली. पिशवी मांडीवर धरून ती डोळे मिटून बसली होती. डोळ्यांखाली काळं उमटलं होतं. छातीवरच्या टाक्यांच्या वणाशी, ब्लाउजवरून, तिचा हात होता. ती झोपली नव्हती. या आवाजात तिला झोप येणं शक्यच नव्हतं, ती फक्त थांबली होती, तो संपायची वाट बघत. पालेर्मोतही ती अशीच बसली असणार. कातानियातही. न्हाव्याचा वस्तरा गळ्याशी होता म्हणून लोरियानो हलला नाही, नाहीतर त्याला उठून कुठेतरी निघून जायचं होतं. कुठे, ते माहीत नव्हतं. इम्मा नसेल अशा आवाजात.

"अजून दोन दिवस थांबलो तर?" तरी संध्याकाळी त्याने विचारलंच. माणसाचं तोंड काही वेळा त्याच्या मनाला न विचारता बोलतं.

"थांब की तू," इम्मा म्हणाली. तिचा आवाज चिडलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "मला बसमध्ये बसवून दे. मावशी खाली उतरवून घेईल."

"एकटी कशी जाशील?"

"एकटीच तर असते." आणि लगेच हसून, "अरे, गंमत केली. चल, तुला तळलेला पिझ्झा खायचा होता ना?"

बसमध्ये तो तिच्याशेजारी बसला. स्टेशनाजवळच्या चौकातून बस निघाली तेव्हा एक शेवटची स्कूटर बराच वेळ बाजूने फटफटत येत होती. ती वळून गेली तेव्हा त्याने मान वळवून त्या स्कूटरकडे पाहिलं. मग इंजिनाची घरघर होती, तोवर ठीक होतं. वळणं सुरू झाली, गव्हाची कापलेली पिवळी शेतं, पवनचक्क्या, भूकंपानंतर पुन्हा बांधलेली कोरी गावं नि न बांधलेली जुनी. इम्मा खिडकीला नाक लावून बसली होती. प्रत्येक वळणावर तिचा चेहरा सैल होत होता आणि लोरियानोचा जबडा आवळत होता. तिला मधूनच काहीतरी आठवे, ती म्हणे, "इथे आमचं गाढव बसलं होतं, उठेचना," किंवा "त्या झाडाखाली आईने मला मारलं होतं," आणि तो "हो का, हो का" करे. पिएत्राफोस्काच्या चौकात बस थांबली, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आणि झालं.

लिबेरामावशी, इम्माच्या आईची सगळ्यात धाकटी बहीण, काळ्या कपड्यांत कमरेवर हात ठेवून उभी होती. "आलात का एकदाचे! हा तुझा नवरा ना गं? म्हातारा झाला. फोटोत बरा दिसतो."

"तुम्हीही फोटोत बऱ्या दिसता, मावशी," लोरियानो म्हणाला. मावशी खूश झाली. तिला उलट बोललेलं आवडे.

घर छान होतं. हेच तर वाईट होतं. दगडी, गार, भिंती हातभर जाड, वरच्या खोलीला एक खिडकी, खिडकीतून गावाच्या कडेचा वळसा घेणारा रस्ता नि त्याचा दगडी कठडा दिसे, आणि कठड्यापलीकडे नुसती दरी. जाड भिंतींतून काही आत येत नसे. इम्मा पहिल्या दिवशी दुपारी जी झोपली ती संध्याकाळी उठली, आणि उठली तेव्हा तिच्या गालावर उशीची घडी उमटलेली होती. लहान मुलीसारखी तोंड उघडून ती जांभई देत होती. आजारपणानंतर तिला असं झोपलेलं त्याने पाहिलं नव्हतं. आजारपणाआधीही कधी पाहिलं होतं, ते आठवेना. दुसऱ्या दिवशी ती मावशीबरोबर वाल सोलायला दारात बसली, तिसऱ्या दिवशी घराच्या मागच्या वाफ्यात काय लावता येईल ते मोजायला लागली, आणि लोरियानो नळ सोडून ठेवू लागला. पाणी वाया जातं म्हणून मावशी ओरडली. मग त्याने टीव्ही लावला. "अरे, जरा बंद कर ना," इम्मा म्हणाली. मग त्याला फ्रीज सापडला. जुना, आजारी फ्रीज होता, चांगला घरघरे. लोरियानो त्याच्याशेजारी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचू लागला. पण फ्रीज दर थोड्या वेळाने दमून थांबे, एक झटका देई आणि बंद पडे, आणि मग ती शीळ. इथे तिला कोणाचाच अडथळा नव्हता. इथे ती नुसती कानात राहिली नाही. ती दातांत उतरली, मानेत उतरली, त्याला वाटे की तोंड उघडलं तर ती बाहेर ऐकू येईल आणि गावातली कुत्री भुंकतील. वर्तमानपत्रातली ओळ तो पुन्हा पुन्हा वाचे. बारमध्ये जावं तर बारवाला तोंडातल्या तोंडात दोन शब्द बोलून गप्प. बायका चर्चला जाताना बोलत, तेवढाच सण. आणि हे कायमचं. इम्माला हे आवडलं होतं, दिसतच होतं, ती आता विचारणार नव्हती, ठरवणार होती, आणि तिला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? तिच्या छातीत नवी झडप होती. ती झडप इथे शांत चालत होती. आणि आपण हो म्हटलं तर आपण वेडे होणार. हे अतिशयोक्तीने नाही, तर साध्या भाषेत, जसं ऊस पिळला तर रस निघणार.

दुपारची वेळ सगळ्यात वाईट. त्या भागात जेवण झालं की ऊन उतरेपर्यंत कोणी घराबाहेर पडत नाही. दारं बंद, खिडक्यांच्या फळ्या बंद, पोरांनाही दामटून झोपवतात. "दुपारी बाहेर कोण फिरतं ठाऊक आहे?" मावशी म्हणाली होती. "भुतं. आणि उत्तरेकडचे." त्या दिवशी इम्मा झोपली, मावशी खाली झोपली, फ्रीज झटका देऊन बंद पडला, आणि लोरियानो चपला हातात घेऊन जिना उतरला आणि त्या उन्हात, भुतांच्या वेळेला, रस्त्यावर आला. वळणापाशी कठड्यावर जाऊन बसला. दरीतून वारासुद्धा येत नव्हता. एखादं झुरळ सरसरावं, एखादा कागद उडावा, काहीही. काही नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून तो पुढेमागे हलत राहिला, आणि मग, मागावर उभा असताना तो करी तसं, त्याचे ओठ आपोआप सुरू झाले.

मागावर तो असाच मुकादमाला शिव्या घालत असे, तुटणाऱ्या धाग्याला घालत असे. गळ्यातून काही निघत नसे, म्हणून आपण बोललोच नाही अशी त्याची पक्की समजूत होती. "बंद कर," तो आता म्हणत होता, एकेक शब्द विणकराच्या सवयीने नीट चावून, तोंड मोठं उघडून, "बंद कर ही शीळ. इथे राहिलो तर मी मरेन. हिला कसं सांगू? हिला झोप लागते इथे, आणि माझं डोकं फुटतंय. इतकी वर्षं कानात घेऊन हिंडतोय, आता कुठे पळू? मला शहरात ने. कोणीतरी मला शहरात ने." आणि पुन्हा पहिल्यापासून. रडत नव्हता, पण नाक वाहत होतं, ते त्याने बाहीला पुसलं, आणि पुसताना मान वर झाली.

खिडकीच्या फळ्या उघड्या होत्या. हाकेच्या अंतरावर, वरच्या खोलीत, झोपायचा झगा घातलेली इम्मा चौकटीला दोन्ही हात टेकून उभी होती. केव्हाची, कोण जाणे. ऊन सरळ त्याच्या तोंडावर होतं. याहून चांगला उजेड गिरणीतसुद्धा नसे.

"किती वर्षं?" तिचे ओठ म्हणाले.

त्याने मागे वळून पाहिलं, जणू दुसऱ्याच कोणाला विचारलंय. मागे दरी होती.

"मोरेना व्हायच्या आधीपासून," तो म्हणाला. तोही आवाजाशिवाय. दोघांनाही आवाज काढायचं सुचलं नाही.

"म्हणजे ती रात्रपाळी?"

"हो."

"घरभर रेडिओ?"

"हो."

"जेनोआ? पालेर्मो? ती बार्सिलोनाची खोली, नाचघराच्या डोक्यावरची?"

"हो."

इम्मा खिडकीतून बाजूला झाली. खिडकी रिकामी राहिली. लोरियानोला वाटलं, ती आता खाली येईल आणि ओरडेल, आणि त्याला बरं वाटलं, कारण ओरडणं म्हणजे आवाज. पण ती पुन्हा चौकटीत आली. तिने तोंड धुतलं असावं, केस कपाळाला चिकटले होते. ती काहीतरी म्हणाली आणि त्याला ते वाचता आलं नाही. किंवा आलं, पण त्याने घेतलं नाही. "काय?" त्याने विचारलं. तेव्हा गिरणीत नव्या पोरीला शिकवतात तसं, एकेक अक्षर सुटं करून तिने पुन्हा सांगितलं.

"मला वाटायचं, तुला माझ्याजवळ गप्प बसवत नाही. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

"नाही गं!"

हे मात्र गळ्यातून आलं. इतक्या जोरात, की दरीने ते घेतलं आणि दोनदा परत दिलं. खाली मावशीची खिडकी धाडकन उघडली. "कोण रे तो मेला! दुपारचं माणसांनी झोपायचं की नाही? भूत आहेस का?"

"मी आहे, मावशी."

"मग तेच!" खिडकी बंद झाली.

इम्मा खाली आली. मावशीचा जुना पेंढ्याचा टोप डोक्यावर ठेवून, भर उन्हात, डॉक्टरांनी जिने नि ऊन दोन्ही टाळायला सांगितलं असताना. कठड्यावर त्याच्या उजव्या बाजूला बसली. बसल्यावर थोडा वेळ धापा टाकत राहिली, छातीवर हात ठेवून. त्याने तिला धरायला हात पुढे केला तो तिने बाजूला सारला, मग लगेच तोच हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला.

"कशी असते?" तिने विचारलं. आता आवाज काढून.

हे त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरनेसुद्धा नाही. "बाबीण रिकामी झालीय, धागा संपलाय, आणि कोणी माग थांबवत नाही," तो म्हणाला. "तसला आवाज. फक्त खूप बारीक."

"आत्ता आहे?"

"आहे."

इम्माने टोप काढला, मान कलती केली, आणि आपला कान त्याच्या उजव्या कानाला लावला. घामाने ओला कान ओल्या कानाला चिकटला. ती श्वास रोखून ऐकत राहिली, भिंतीपलीकडचं कोणी ऐकावं तसं. तिच्या छातीतली नवी झडप बारीक टकटकत होती, ती त्याला हाडांतून ऐकू आली, किंवा ऐकू आल्यासारखी वाटली.

"मला काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"येणारच नाही. ते माझं एकट्याचं आहे."

"एकट्याचंच ठेवलंस की." कान तिने काढला नाही. तसंच चिकटून, ती म्हणाली, "ऐक. मला हे घर हवंय, लोरियानो. तुला नको म्हणून मी मला हवं ते सोडणार नाही. आता नाही सोडणार. मला इथे झोप लागते."

"ठाऊक आहे."

"आणि तू इथे वेडा होशील."

"होईन."

"मग उद्या सकाळची बस आहे, नेपल्सची. तू जा. ती बाजारावरची खोली घे. आवडलं तर राहा. मी इथे राहते. थंडी पडली की बघू, कोण कोणाकडे येतंय ते." ती हे रागाने बोलत नव्हती. भाजी काय करायची ते ठरवावं तशी, नीट विचार करून बोलत होती. त्याला हवं ते सगळं, एका वाक्यात, फुकट, न मागता मिळालं होतं. मासळीवाला, स्कूटर, गच्चीवरची भांडणं, बडबड्या न्हावी. त्याने हो म्हणायला तोंड उघडलं आणि त्याचा चेहराच पिळवटून गेला. लहान पोरासारखा, खांदे हलवत, हुंदके देत तो रडायला लागला, आणि मावशीची खिडकी पुन्हा थोडीशी उघडली.

इम्माने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आता रडतोस कशाला?" ती म्हणाली. "नेपल्सच मिळालं ना तुला?"